निळ्या झाकणाची ट्यूब: रक्त लवकर थांबत नसेल तर मुंबईत तपासण्या कशा करून घ्याव्यात

माझ्या लेकीला बाराव्या वर्षी पहिली पाळी आली, ती सतराव्या दिवशीही थांबली नव्हती. माझी आई म्हणाली, "आपल्याकडे सगळ्यांच्याच असं अंगावर जातं." मीही तेच धरून चालले, कारण माझं आयुष्य तसंच गेलं होतं. अठराव्या दिवशी ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन बसली. हिमोग्लोबिन निघालं 6.8. तिथपासून ‘टाइप 1 व्हॉन विलब्रँड’ (रक्त लवकर न थांबण्याचा एक आनुवंशिक आजार) हे शब्द कागदावर उमटेपर्यंत अकरा महिने गेले. त्यातले निदान पाच महिने तरी चुकीच्या भरलेल्या ट्यूबांनी खाल्ले.

मी डॉक्टर नाही. भांडुपला राहते, पतपेढीत हिशेब लिहिते. औषध कोणतं घ्यायचं हे मी सांगणार नाही. पण हातात एक चिठ्ठी आली आहे, तिच्यावर पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या तपासण्या), फॅक्टर (रक्त गोठवणारी प्रथिनं) असं काहीतरी लिहिलंय आणि कुठून सुरुवात करायची ते सुचत नाही, अशा माणसासाठी हा लेख आहे.

1. रक्त काढण्याआधी वही काढा

पहिली तपासणी लॅबमध्ये होत नाही, घरात होते. रक्ताच्या डॉक्टरांनी, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टनी, पहिली वीस मिनिटं आम्हाला फक्त प्रश्न विचारले. मला निम्म्यांची उत्तरं देता आली नाहीत. तुम्ही आधीच लिहून न्या.

नाकाचा घोळणा फुटला तर किती मिनिटं वाहतो? दहा मिनिटांच्या वर जातो का? दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं का? न आपटता अंगावर काळेनिळे डाग पडतात का, आणि ते किती मोठे? दाढ काढल्यावर, कान टोचल्यावर, टाके घातल्यावर काय झालं होतं? बाळाची नाळ गळून पडताना रक्त आलं होतं का? मुलगा असेल तर गुडघा किंवा कोपर अचानक सुजून गरम होतं का? पाळी किती दिवस चालते, रात्री पॅड बदलायला उठावं लागतं का, गाठी पडतात का, दर तासा-दोन तासाला पॅड भिजतं का? यातल्या शेवटच्या प्रश्नांना आपल्याकडे कोणी खरं उत्तर देत नाही. बाबा शेजारी बसलेले असतात म्हणून मुलगी गप्प राहते. बाबांना बाहेर बसवा.

मग घराण्याचा नकाशा काढा. मी आईला फोन लावून एकेकाचं विचारत गेले तेव्हा कळलं, धाकट्या मावशीची दाढ काढल्यावर दोन दिवस उशी रक्तानं भिजत होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा आमच्याशी संबंध आहे असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. मुलाला त्रास असेल तर आईकडच्या पुरुषांची, म्हणजे मामांची आणि आईच्या मामांची, आवर्जून चौकशी करा. हिमोफिलिया, म्हणजे एखादा फॅक्टर कमी असल्यानं रक्त न थांबण्याचा आजार, आईकडून मुलाकडे येतो. मात्र घराण्यात कोणालाच नाही म्हणून तो नाकारता येत नाही. साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घरी आधी कोणालाही तो नसतो.

या वहीवरून डॉक्टरांना पुढची दिशा मिळते. नाक, हिरड्या, पाळी, त्वचा अशा ठिकाणचं रक्त असेल तर संशय प्लेटलेट (जखमेवर गोळा होऊन रक्त थांबवणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी) किंवा व्हॉन विलब्रँडकडे जातो. सांध्यात आणि स्नायूत रक्त उतरत असेल तर फॅक्टरकडे.

2. ‘बीटी-सीटी नॉर्मल’ म्हणजे काहीच नाही

हे जरा मोठ्यानं लिहायला हवं. मुंबईत अजूनही दाढ काढण्याआधी, टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी बीटी-सीटी करून आणा म्हणतात. बीटी (ब्लीडिंग टाइम) म्हणजे बोटाला किंवा कानाच्या पाळीला टोचून दर अर्ध्या मिनिटानं टिपकागदावर रक्त टिपायचं आणि कधी थांबतं ते बघायचं. सीटी (क्लॉटिंग टाइम) म्हणजे काचेच्या बारीक नळीत रक्त घेऊन नळी थोडी थोडी मोडत जायची आणि रक्ताचा धागा कधी दिसतो ते घड्याळात बघायचं. टोचणाऱ्याचा हात, टोचण्याची खोली, खोलीतला पंखा, सगळ्यावर निकाल बदलतो. फॅक्टर अगदी तळाला गेल्याशिवाय सीटी वाढत नाही. सौम्य हिमोफिलिया असलेला माणूस बीटी-सीटीमध्ये आरामात पास होतो.

माझ्या लेकीचा रिपोर्ट होता: बीटी अडीच मिनिटं, सीटी पाच मिनिटं. आमच्या भागातले डॉक्टर म्हणाले, "रक्तात काही दोष नाही, वयात येताना होतं असं." आम्ही दोन महिने लोहाच्या गोळ्या देत बसलो. लोह हवंच होतं, पण बादलीला भोक असताना नळ सोडण्यातला तो प्रकार होता.

कोणी बीटी-सीटीच्या जोरावर "सगळं ठीक आहे" म्हणालं आणि तुमची वही वेगळं सांगत असेल, तर वहीवर विश्वास ठेवा.

3. पहिल्या फळीच्या चार तपासण्या

सुरुवातीला बहुधा एवढंच लागतं: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्लाइड (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), पीटी, एपीटीटी आणि फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्याचे होतात ते प्रथिन). चौथी तपासणी चिठ्ठीवर नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, नाहीतर पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते.

सीबीसी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये जातं. त्यात प्लेटलेट मोजल्या जातात. दीड लाख ते साडेचार लाख हे साधारण प्रमाण. मशीननं आकडा फार कमी दाखवला आणि अंगावर एकही डाग नसेल, तर घाबरण्याआधी स्लाइड डोळ्यांनी बघितली का ते विचारा. काहींच्या प्लेटलेट त्या ट्यूबमधल्या औषधानं एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या घोळक्यातली एकही मोजत नाही. प्लेटलेट आकारानं फार मोठ्या असतील तरी मशीन फसतं, आणि तो स्वतःच एक वेगळा आजार असू शकतो.

पीटी आणि एपीटीटी यांत प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या पिवळसर द्रवात, रसायन घालून गुठळी किती सेकंदांत होते ते मोजतात. रक्त गोठायला दोन वाटा आहेत आणि दोन्ही पुढे एका रस्त्याला मिळतात, असं डोळ्यांसमोर आणा. दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वे भेटतात तसं. पीटी एका वाटेची परीक्षा घेतं: त्या वाटेवर फॅक्टर सात आहे. एपीटीटी दुसऱ्या वाटेची: बारा, अकरा, नऊ आणि आठ. पुढचा एकत्र रस्ता दहा, पाच, दोन आणि फायब्रिनोजेनचा. म्हणून फक्त पीटी लांबलं तर सात नंबर, यकृत, व्हिटॅमिन के किंवा वॉरफरिनची (रक्त पातळ करणारी) गोळी डोक्यात येते. फक्त एपीटीटी लांबलं तर आठ, नऊ, अकरा. दोन्ही लांबली तर एकत्र रस्त्यावर अडथळा आहे किंवा यकृताचा मोठा प्रश्न आहे.

एपीटीटी साधारण 25 ते 35 सेकंद, पीटी 11 ते 14 च्या आसपास. पण प्रत्येक लॅबचं रसायन आणि मशीन वेगळं, त्यामुळे मर्यादाही वेगळी. मुलुंडच्या रिपोर्टमधले सेकंद आणि परळच्या रिपोर्टमधले सेकंद शेजारी ठेवून "वाढलं की कमी झालं" असं बघू नका. मी रात्रभर तेच करत बसले होते. रिपोर्टवर शेजारी छापलेल्या त्याच लॅबच्या मर्यादेशी तुलना करायची. पीटीबरोबर आयएनआर येतो, तो मुळात वॉरफरिन घेणाऱ्यांसाठी आहे. आपल्या कामाचे सेकंद.

आणि दोन्ही नॉर्मल आली तरी विषय संपत नाही. व्हॉन विलब्रँडमध्ये एपीटीटी बऱ्याचदा नॉर्मलच असतं. सौम्य हिमोफिलियातही असू शकतं.

4. ट्यूब भरताना डोळे उघडे ठेवा

अकरा महिन्यांत मी सगळ्यात जास्त इथेच शिकले.

रक्त गोठण्याच्या तपासण्यांना फिकट निळ्या झाकणाची ट्यूब लागते. तिच्यात आधीच थोडं पाण्यासारखं द्रव असतं: 3.2 टक्के सोडियम सायट्रेट. प्रमाण ठरलेलं: नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. तीन मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये 2.7 रक्त आणि 0.3 सायट्रेट. ट्यूबवर एक रेघ असते. रक्त त्या रेघेपर्यंत आलंच पाहिजे.

का? सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून ट्यूबमध्ये गुठळी होत नाही. लॅबमध्ये मोजून कॅल्शियम परत घालतात आणि घड्याळ सुरू करतात. ट्यूब अर्धीच भरली असेल तर रक्ताच्या मानानं सायट्रेट जास्त होतं, ते घातलेलं कॅल्शियमही गिळतं आणि गुठळी उशिरा होते. माणूस ठणठणीत असला तरी रिपोर्टमध्ये आजारी ठरतो.

आमच्याकडे घरी रक्त न्यायला आलेला मुलगा भला होता. पाऊस पडत होता, त्याला अजून सहा घरं करायची होती. लेकीची शीर सापडेना, ती रडायला लागली, रक्त थेंबथेंब आलं. निळी ट्यूब निम्मी भरली आणि त्यानं झाकण लावलं. मी विचारलं, "रेघ तर वर आहे?" तो म्हणाला, "चालतं ताई, मशीनला एवढंसंच लागतं." सीबीसीला चालतं, याला चालत नाही. एपीटीटी आलं 58 सेकंद. रिपोर्टवर लाल अक्षरं. त्या रात्री मी मोबाइलवर ‘हिमोफिलिया’ वाचत बसले आणि नवऱ्याशी विनाकारण भांडले. दोन आठवड्यांनी दुसरीकडे नीट भरलेल्या ट्यूबवर तेच 36 आलं.

तेव्हा या गोष्टी डोळ्यांसमोर घडत असताना बघा, आणि नम्रपणे बोला:

- निळी ट्यूब जांभळीच्या आधी भरायची. फुलपाखरू सुई, म्हणजे लांब नळी असलेली, वापरली तर त्या नळीतली हवा ट्यूबमध्ये जाते आणि रक्त कमी पडतं. म्हणून आधी एक फुकटची ट्यूब भरून टाकून द्यायची.
- एका ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतून रेघ गाठायची नाही. जांभळीतलं निळीत ओतलं तर सगळा निकाल बिघडतो. मी हे होताना पाहिलंय.
- दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या वर नको.
- भरल्यावर ट्यूब हलक्या हातानं तीन-चार वेळा उलटसुलट करायची. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखी हलवायची नाही.
- हाताला सलाइनची सुई लावलेली असेल तर त्यातून रक्त घेऊ देऊ नका, दुसऱ्या हातातून घ्यायला सांगा. ती सुई बंद पडू नये म्हणून हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, सोडलेलं असू शकतं, आणि त्यानं एपीटीटी लांबतं.

दुसरा सापळा बर्फाचा. घरोघरी फिरणाऱ्यांच्या पिशवीत बर्फाची पाकिटं असतात. आपल्याला वाटतं, मुंबईची गरमी, बरं झालं गार ठेवलंय. पण न वेगळं केलेलं रक्त गार ठेवलं तर व्हॉन विलब्रँड फॅक्टर आणि फॅक्टर आठ कमी दिसतात, म्हणजे निरोगी माणसावर आजाराचा शिक्का बसू शकतो. ते नेहमीच्या तापमानाला ठेवायचं असतं. एपीटीटीची तपासणी चार तासांच्या आत व्हायला हवी. सकाळी आठला घेतलेलं रक्त बाइकवरून दुपारी दोनला पोचत असेल तर उपयोग नाही. लॅब लांबच्या मुख्य लॅबला पाठवत असेल तर एकच प्रश्न विचारा: "प्लाझ्मा वेगळा करून, फ्रीझ करून पाठवता ना?" समोरचा गोंधळला तर चिठ्ठी परत घ्या.

थोडक्यात, या तपासण्यांसाठी घरी माणूस बोलवू नका. लोकलचा धक्काबुक्कीचा प्रवास परवडला. जिथे मशीन आहे तिथेच जाऊन रक्त द्या.

5. वेळ लांबली तर: मिक्सिंग

पुन्हा नीट घेतलेल्या रक्तावरही एपीटीटी लांब आलं तर लगेच फॅक्टरच्या महागड्या तपासण्यांना धावू नका. मधली पायरी आहे मिक्सिंग स्टडी. तुमचा प्लाझ्मा आणि अनेक निरोगी माणसांचा एकत्र केलेला प्लाझ्मा निम्मा निम्मा मिसळतात. वेळ सुधारली तर काहीतरी कमी होतं, ते भरून निघालं: फॅक्टरची कमतरता. सुधारली नाही तर तुमच्या रक्तात काहीतरी आहे जे बाहेरच्या फॅक्टरलाही अडवतंय: इनहिबिटर. काही इनहिबिटर सावकाश काम करतात, म्हणून मिश्रण 37 अंशांवर दोन तास ठेवून परत बघतात. रिपोर्टवर ‘इमिजिएट’ आणि ‘इन्क्युबेटेड’ असे दोन आकडे आहेत का ते बघा.

एपीटीटी लांब आहे पण आयुष्यात कधी रक्त वाहिलं नाही, अशीही माणसं असतात. फॅक्टर बारा कमी असेल तर एपीटीटी खूप लांबतं आणि माणसाला काहीच होत नाही. ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’ (शरीरातच तयार होणारी एक प्रकारची प्रतिपिंडं) असेल तर तपासणीत वेळ लांबते, प्रत्यक्षात मात्र धोका गुठळ्या होण्याचा. म्हणून पुन्हा वही.

6. फॅक्टरची पातळी आणि व्हॉन विलब्रँड

फॅक्टर आठ किंवा नऊ टक्क्यांत सांगतात. 50 ते 150 टक्के साधारण. 1 टक्क्याच्या खाली तीव्र हिमोफिलिया, 1 ते 5 मध्यम, 5 ते 40 सौम्य. आठ कमी तर ‘ए’, नऊ कमी तर ‘बी’. नवजात बाळात फॅक्टर नऊ मुळातच कमी असतो, त्यामुळे सौम्य ‘बी’चं निदान सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा तपासून पक्कं करतात. फॅक्टरची इंजेक्शनं घेणाऱ्यांच्या अंगात त्याच फॅक्टरविरुद्ध इनहिबिटर तयार होऊ शकतं. ते बेथेस्डा एककात मोजतात.

आता आमचा आजार. फिनलंडमधल्या एरिक फॉन विलब्रँड या डॉक्टरनी ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबावरून तो 1926 साली लिहिला. परळचं केईएम रुग्णालय सुरू झालं तेच वर्ष. त्यांनी तपासलेली छोटी मुलगी पुढे चौथ्या पाळीत रक्तस्रावानं गेली. हे मी वाचलं तेव्हा लेक शेजारी अभ्यास करत होती. मी मोबाइल उलटा ठेवला.

याला एक तपासणी पुरत नाही. तीन आकडे एकत्र लागतात: व्हीडब्ल्यूएफ (व्हॉन विलब्रँड फॅक्टर) अँटिजेन, म्हणजे माल किती आहे, रिस्टोसेटिन कोफॅक्टर किंवा तशीच दुसरी ॲक्टिव्हिटी, म्हणजे माल काम किती करतो, आणि फॅक्टर आठ, कारण व्हीडब्ल्यूएफ त्याला सांभाळून फिरवतो. माल आणि काम दोन्ही सारख्या प्रमाणात कमी तर टाइप 1. माल बऱ्यापैकी पण काम फारच कमी, म्हणजे कामाला मालानं भागलं तर 0.7 च्या खाली, तर टाइप 2 चा संशय. जवळजवळ शून्य तर टाइप 3. टाइप 2 मध्ये पुढे मल्टिमर (या फॅक्टरच्या लहानमोठ्या साखळ्या बघणारी) तपासणी लागते.

आणि हा फॅक्टर भारी लहरी. ताप, घाबरणं, धावपळ, गरोदरपण, हार्मोनच्या गोळ्या, सगळ्यांनी वर जातो. वयाबरोबरही वाढतो. ओ रक्तगटाच्या लोकांत इतरांपेक्षा साधारण पाव हिश्शानं कमी असतो. आमच्या पहिल्या खेपेला गाडी उशिरा आली, आम्ही परळचा पूल धावत चढलो, रांगेत लेकीला रडू फुटलं आणि तशीच तिला खुर्चीत बसवली. अँटिजेन 54. नॉर्मल! वही बघून डॉक्टरांना ते पटलं नाही. सहा आठवड्यांनी अर्धा तास आधी पोचलो, तिला बाकावर बसवून कॅडबरी दिली. 31. तिसऱ्या वेळी 28, ॲक्टिव्हिटी 26, फॅक्टर आठ 47. तिचा रक्तगट ओ. तीसच्या खालचा आकडा आणि असा इतिहास, म्हणून निदान झालं. एका नॉर्मल आकड्यावर हे दार बंद करायचं नाही.

7. आकडे बरोबर, काम चूक: प्लेटलेट

प्लेटलेट मोजून पुरेशा आहेत, पण एकमेकींना धरत नाहीत, असंही असतं. त्यासाठी ॲग्रिगोमेट्री. प्लेटलेट असलेल्या प्लाझ्मात एडीपी, कोलॅजेन, ॲराकिडोनिक ॲसिड, ॲड्रेनॅलिन आणि रिस्टोसेटिन असं एकेक घालून त्या गोळा होतात का बघतात. गढूळ पाणी तुरटीनं निवळावं तसा प्लाझ्मा स्वच्छ होत जातो आणि पडद्यावर रेघ वर चढते. रिस्टोसेटिन सोडून कशानंच रेघ हलली नाही तर ग्लान्झमान हा प्लेटलेटचा आजार. उलट फक्त रिस्टोसेटिनला हलली नाही आणि प्लेटलेट मोठ्या दिसल्या तर बर्नार्ड-सूलिये हा दुसरा. पुढे फ्लो सायटोमेट्रीनं पक्कं करतात.

या तपासणीला रक्त ताजंच लागतं, गोठवून पाठवता येत नाही. आधी फोन करून दिवस ठरवा. ॲस्पिरिन घेतली असेल तर तिचा परिणाम आठ-दहा दिवस राहतो. डोकेदुखीच्या आणि सर्दीच्या साध्या दिसणाऱ्या गोळ्यांतही ती असू शकते, म्हणून पाकिटं घेऊन जा. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका, विचारा.

8. सगळं नॉर्मल, तरी रक्त

फॅक्टर तेरा पीटीतही दिसत नाही, एपीटीटीतही नाही. ती दोन्ही गुठळी होईपर्यंतच मोजतात, आणि तेरा नंबर येतो त्यानंतर, गुठळी घट्ट विणायला. खूण: नाळेतून रक्त येणं, किंवा जखम थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाहणं. तपासणी सोपी आहे: गुठळी युरियाच्या द्रावणात ठेवतात. विरघळली तर तेरा नाही. पण अगदी तळाला गेलेली पातळीच यात पकडली जाते.

तुमची अडचण उलटी असेल, म्हणजे पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, तर प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन या, म्हणजे गोठणं आवरणाऱ्या प्रथिनांच्या, वेगळ्या तपासण्या. त्यातला मुख्य सापळा वेळेचा: ताजी गुठळी असताना किंवा वॉरफरिन, हेपरिन चालू असताना त्यातले कित्येक आकडे खोटे येतात. ल्युपस अँटिकोॲग्युलंट निघालं तर बारा आठवड्यांनी पुन्हा करतात.

9. मुंबईत जायचं कुठे, न्यायचं काय

पहिल्या फळीच्या तपासण्या बहुतेक मोठ्या लॅबमध्ये आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत होतात. पुढच्या, बारीक तपासण्यांसाठी परळ. केईएमच्या आवारातच, नव्या बहुमजली इमारतीच्या तेराव्या मजल्यावर, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. 1957 मध्ये रक्तगटांचं केंद्र म्हणून सुरू झालेली. रक्तस्रावाच्या आजारांचं निदान, वाहक (स्वतःला फारसा त्रास नसला तरी दोष मुलांना देऊ शकणारी व्यक्ती) तपासणी, गर्भातल्या बाळाची तपासणी हे तिचं कामच. थेट वर चढू नका. आधी केईएमच्या ओपीडीत केसपेपर, मग डॉक्टरांची चिठ्ठी, मग तिकडे. जाण्याआधी फोनवर दिवस, वेळ आणि रिकाम्या पोटी यायचं का ते विचारा. एकच दिवस सुट्टी काढून सगळं उरकेल अशी आशा धरू नका.

सोबत काय न्यायचं:

- डॉक्टरांची चिठ्ठी, तीवर नेमका संशय लिहिलेला. नुसतं ‘कोॲग्युलेशन प्रोफाइल’ असेल तर प्रत्येक लॅब त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावते.
- जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, मूळ आणि झेरॉक्स
- रुग्णाचं आधार कार्ड, रक्तगट
- रेशन कार्ड. खर्च झेपत नसेल तर सरकारी आणि पालिका रुग्णालयात समाजसेवा विभागाच्या खिडकीवर ते मागतात
- चालू गोळ्यांची पाकिटं, पतंजलीपासून मेडिकलवाल्यानं दिलेल्यापर्यंत
- ती वही
- पाणी, बिस्किटं, आणि लहान मूल असेल तर दुसरं मोठं माणूस. एकटीनं रांग आणि मूल दोन्ही सांभाळता येत नाही.

आणखी एक. रक्तस्राव होऊन मूल दाखल असेल आणि प्लाझ्मा किंवा क्रायो (प्लाझ्मापासून केलेला, काही फॅक्टर जास्त असलेला भाग) चढवायचं ठरलं, तर चढवण्याआधी निळ्या ट्यूबमध्ये रक्त काढून ठेवता येईल का विचारा. ओपीडीच्या बाकावर भेटलेल्या कुर्ल्याच्या एका बाईंच्या मुलाला आधी प्लाझ्मा चढला, मग तपासणी झाली. दुसऱ्याच्या रक्तातले फॅक्टर मोजले गेले आणि त्यांना सगळं पुन्हा करावं लागलं. अर्थात जीवावर बेतलं असेल तर ट्यूबसाठी कोणी थांबू नये.

10. रिपोर्ट हातात आल्यावर

आजाराचं पूर्ण नाव, प्रकार आणि पातळी रिपोर्टवर छापील आहे का बघा. ‘ब्लीडिंग डिसऑर्डर’ एवढंच लिहून आणलेला कागद दाढेच्या डॉक्टरांनाही उपयोगी नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये हिमोफिलियाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना नेमका शब्द लागतो.

रिपोर्टचा फोटो आई-बाबा दोघांच्या मोबाइलमध्ये, आणि मुलाच्या दप्तरात एक लॅमिनेट केलेलं कार्ड: आजार, रक्तगट, कोणत्या गोळ्या चालत नाहीत, डॉक्टरांचा फोन. शाळेत वर्गशिक्षिकेला स्वतः भेटून सांगा. आमच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मग तिनं कबड्डी खेळायची नाही का?" तो प्रश्न डॉक्टरांना विचारायचा मला सुचलाच नव्हता.

हिमोफिलियाच्या घरातल्या मुलींसाठी एक सांगायचं राहिलं. फॅक्टर आठची पातळी नॉर्मल आली म्हणून ती वाहक नाही असं ठरत नाही. त्यासाठी जनुकाची तपासणी लागते, आणि ती सोपी जावी म्हणून आधी घरातल्या आजारी पुरुषाचा दोष कोणता ते शोधतात. तीव्र हिमोफिलिया ‘ए’ असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत तो एकाच ठरावीक जागी, इंट्रॉन 22 मध्ये, सापडतो. हे लग्नानंतर, दिवस गेल्यावर घाईत करण्यापेक्षा आधी करा.

लेकीचं निदान झाल्यावर माझंही रक्त घेतलं. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. ट्यूब रेघेपर्यंत भरेस्तोवर मी मान वळवली नाही, मॅडम हसल्या. 38 आलं. काठावरचं. आता आईची एक दाढ काढायची आहे. वयानं तिचा आकडा वर गेला असेल, पण मावशीची ती उशी आठवते, म्हणून आधी तिचंही रक्त तपासायचं ठरलंय. तिची एकच अट आहे: तेराव्या मजल्यापर्यंत लिफ्ट चालू असेल त्याच दिवशी जायचं.